कधी तापते, ते सांगा

इंजिन जॅम झालेली गाडी मिस्त्रीला अवघड वाटत नाही. ती खोलायची, मोजायची, झिजलेलं बदलायचं. काम मोठं असलं तरी वाट ठरलेली असते. अवघड जाते ती काम होऊन गेलेली आणि चार दिवसांत तापून परत आलेली गाडी. कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास, जिथे लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात साधं बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो, तिथल्या जुन्या मिस्त्रींकडे अशा गाड्या लांबून येतात. बहुतेकींचं आधी दुसरीकडे काम झालेलं असतं. कुणाचा रेडिएटर बदललेला, कुणाचा पाण्याचा पंप, कुणाचा टायमिंग बेल्ट, तर कुणाचं थेट हेड उतरवून गॅस्केट घातलेलं. मालकाच्या खिशाला एकदा चाट बसलेली असते, आणि आता कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की हेड खोलावंच लागेल.

या गॅरेजांत बसून, मिस्त्री, लेथवाले, रेडिएटरवाले यांच्याशी बोलून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. काम झाल्यावर तापणाऱ्या गाडीत नवा आजार शोधायला निघालं की माणूस भरकटतो. आधी झालेलं काम तपासायचं असतं. कुठला पाइप निघाला होता, कुठलं पाणी सांडलं होतं, काय परत बसलं आणि काय बसलंच नाही. या शोधात पुष्कळदा कामाच्या शेवटच्या अर्ध्या तासाशी येऊन थांबावं लागतं: पाणी भरणं, हवा काढणं, पंखा लागेपर्यंत गाडीजवळ उभं राहणं. बिलात त्या अर्ध्या तासाची ओळ नसते, म्हणून घाईच्या दिवशी पहिला बळी त्याचाच जातो.

पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांश चाकं फिरवायला उपयोगी पडते. जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे जाते, आणि उरलेली बरीचशी पाण्याला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. छोटी गाडी चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढते तेव्हा पाण्यात जाणारी उष्णता वीस किलोवॅटच्या घरात पोचते. घरातले दोन किलोवॅटचे दहा गिझर एकदम चालू ठेवावेत, एवढी. ती वाहायला पाणी असतं जेमतेम चार-पाच लिटर. गणित केलं तर, हे पाणी रेडिएटरमध्ये गार झालं नाही तर दर सेकंदाला जवळपास एक अंशानं तापतं. नव्वद अंशांवर चाललेलं इंजिन धोक्याच्या पातळीला जायला अर्धं-पाऊण मिनिट पुरतं. ‘काटा वर गेला होता, पण गाव दोनच किलोमीटरवर होतं म्हणून तशीच आणली’ हे वाक्य ऐकलं की मिस्त्री कपाळाला हात लावतात, त्याचं कारण हे.

पहिल्या मोटारीला ही उष्णता अडवून धरायची नव्हतीच. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकी गाडीतलं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि इंजिन त्यावर गार राहायचं. १८८८ साली बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी भरत तिला जावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखनं १९०१च्या मर्सिडीजसाठी आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्यांचा जाळीदार रेडिएटर केला आणि थोड्याच पाण्यात मोठं इंजिन गार ठेवता यायला लागलं. आजची व्यवस्था त्याच्याही पुढे जाऊन पूर्ण बंदिस्त झाली आहे. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर सुकलं, दाब निसटला, की उकळबिंदू घसरतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी शंभराच्या चारपाच अंश आधीच उकळायला लागतं. तिथवर चढून गेलेल्या गाडीला झाकण साथ देत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही ती पाणी फेकते. रेडिएटर नवा आणि झाकण जुनंच, असं काम कितीदा तरी होतं.

आपल्याकडच्या दोन पिढ्या मिस्त्री शिकल्या त्या ॲम्बॅसडरवर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट-पद्मिनीवर. त्या गाड्यांचं इंजिन उभं, रेडिएटर समोर ताठ उभा, आणि त्याचं तोंड वर. वरून पाणी ओतलं की हवा आपोआप वर येऊन त्याच तोंडातून निघून जायची. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हेही आठवत असेल की थोडं थांबून, फडक्यानं झाकण उघडून, बादलीभर पाणी घातलं की ती बिचारी पुन्हा चढायला लागायची. मुंबईच्या टॅक्सींतून शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये उतरल्या. त्यांच्यावर घडलेले हात मात्र अजून कामावर आहेत, आणि त्या हातांच्या काही सवयी आजच्या इंजिनाला मानवत नाहीत.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि इंजिन आडवं झालं. आडव्या इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येऊच शकत नाही, म्हणून पंखा विजेचा झाला. तो कधी लावायचा हे तापमान मोजणारा सेन्सर ठरवू लागला. पुढच्या वर्षांत बोनेट खाली खाली येत गेलं. आता कित्येक गाड्यांत रेडिएटरचा माथा इंजिनाच्या हेडपेक्षा खाली असतो. पाणी ओतलं की हवा वर जाते, आणि वर म्हणजे हेडमध्ये, नेमकी सर्वांत गरम जागी. तिथून तिला बाहेरची वाट नसते. याला गॅरेजात ‘हवा धरली’ म्हणतात. तो हवेचा फुगा सेन्सरच्या टोकाशी येऊन बसला तर आणखी घात होतो. सेन्सर पाण्याचं तापमान मोजायला बनवलेला असतो. भोवती पाणी नसलं की तो कमी तापमान सांगतो. काटा मध्यावर, पंखा बंद, आणि आत हेड भाजत असतं. काही छोट्या गाड्यांतून तर काटाही गेला आहे. उरला आहे एक निळा आणि एक लाल दिवा. काटा असला तरी तो सरळ नसतो. पुष्कळ गाड्यांत पंचाहत्तर ते एकशेपाच अंशांपर्यंत तो मुद्दाम मध्यावर थोपवलेला असतो, मालकाला उगाच काळजी नको म्हणून. तो हलला म्हणजे उशीर झालेलाच असतो.

राधानगरीकडच्या एका हायस्कुलातले शिक्षक आपली बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक घेऊन आले, त्या दिवशी मी तिथे होतो. हकिगत अशी होती. रेडिएटरची प्लास्टिकची बाजू चिरली, गावाजवळच नवा रेडिएटर बसवला. दुसऱ्याच दिवशी गाडी तापली. पाणी भरलं, पुन्हा तापली. मग पंखा डायरेक्ट करून दिला. त्यानं गावात बरी चालायला लागली, पण फोंड्याच्या घाटात लाल दिवा लागला. आता हेड गॅस्केट गेलंय असं सांगून खर्चाचा आकडा दिलेला होता. तो आकडा ऐकून सर इथे आले होते.

“गाडी गरम होते,” सर म्हणाले.

“ते कळलं. कधी तापतीया ते सांगा की सर,” मिस्त्री म्हणाले. “उभी असताना का पळताना?”

“घाटात. चढाला.”

“आणि शाळंसमोर चालू ठेवून उभी केली तर?”

“तेव्हा काही नाही.”

“पाणी कमी होतंय? झालं तर खाली सांडलेलं दिसतंय का? हीटर लावून बघितलासा का कधी?”

सरांनी हीटर आयुष्यात लावला नव्हता. कोल्हापुरात कोण लावतं?

हे प्रश्न गप्पा म्हणून विचारलेले नव्हते. उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की गार होते, तर संशय हवेवर: पंखा, त्याची वायर, फ्यूज, रिले, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, जाळीत अडकलेला चिखल. उलट उभी असताना शांत, पण वेगाला किंवा चढाला तापते, तर संशय पाण्यावर: पंप, थर्मोस्टॅट, आतून बुजलेला रेडिएटर, वेगाला आत चेपणारा खालचा पाइप. सकाळी गार गाडी सुरू केल्यावर पाचच मिनिटांत पाइप दगडासारखे कडक झाले, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेड. आणि काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली तर हीटरच्या जाळीपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. पाणी तरी कमी आहे, नाहीतर हवा धरली आहे. नुसत्या प्रश्नांनी अर्ध्या शक्यता गळून पडतात, आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही. मिस्त्रींचं म्हणणं असं की याच वेळी गिऱ्हाइकाला घाई असते. त्याला वाटतं, हा नुसताच बोलतोय, गाडी कधी खोलणार?

सरांची गाडी त्या दिवशी खोललीच नाही. रात्रभर ठेवून घेतली. सकाळी इंजिन गार असताना झाकणाच्या जागी दाबाचा पंप लावला आणि एक बार दाब भरून चहा मागवला. चहा संपला तरी पंपावरच्या घड्याळाचा काटा हलला नव्हता, म्हणजे बाहेर कुठे गळती नाही. डिपस्टिक बाहेर काढून फडक्यावर पुसली; ऑइल काळं होतं, पण स्वच्छ. पाणी मिसळलं असतं तर ते ताकाळ दिसलं असतं. स्पार्क प्लग चारही काढून ओळीनं मांडले. ज्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपतं त्याचा प्लग वाफेनं धुतल्यासारखा लख्ख निघतो. हे चारही सारखेच तपकिरी होते. मग इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी धरली. तिच्यात निळा द्रव असतो आणि पाण्यातून येणारी हवा त्यातून बुडबुडत जाते. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आला तर निळा रंग पिवळ्यावर जातो. तो निळाच राहिला. हेड न खोलता हेड सुटलं.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. गॅस्केट उडालं हे निदान आपल्याकडे इतक्या सहज दिलं जातं, आणि ते खोटं ठरवायला लागतो तो एक स्वस्त पंप, चमचाभर रसायन आणि एक सकाळ. उगाच उतरवलेलं हेड हा नवा धोका असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरतं. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल तर दर वेळी गाडी तापते-निवते तेव्हा गॅस्केटवर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासत सरकतात. हा खेळ वर्षानुवर्षं निभावायचा तर हेडचा तळ सपाट लागतो. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं मला ते दाखवलं. हेड उलटं ठेवलं, त्यावर तिरकी पोलादी पट्टी धरली, मागं दिवा लावला आणि पट्टीखाली फीलर गेजचं पातं सरकवत गेला. बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते. त्या हेडच्या मध्यावर ०.१५चं पातं आरामात आत गेलं. “हे असंच बसवून दिलं असतं तर महिना काढला असता,” तो म्हणाला. हेड प्लेन न करता नवं गॅस्केट घालणं ही तापून परत येणाऱ्या गाड्यांची एक मोठी जात आहे.

बोल्टांची कथा तशीच. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. नव्या इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर आणखी नव्वद अंश फिरवा, असा कोन दिलेला असतो. त्या बोल्टांना मुद्दाम ताणलं जातं आणि कित्येकदा ते परत वापरता येत नाहीत. ब्लॉकमधल्या बोल्टाच्या भोकात पाणी किंवा ऑइल साठून राहिलं तर टॉर्क पाना ‘झालं’ असं सांगतो, पण बोल्ट पुरता बसलेलाच नसतो; खालचा द्रव त्याला वर ढकलत असतो. कधी त्यानं ब्लॉक तडकतो. गॅस्केट उलटं बसवलं तर पाण्याची भोकं झाकली जातात. काही गॅस्केटवर वरची बाजू छापलेली असते, तरी हे घडतं.

मिस्त्री बोलायला लागले की अशा हकिगतींना अंत नसतो. पाइप काढल्यावर आत घाण जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेलं फडकं तसंच राहिलं. पंप बसवताना सिलिकॉन एवढं लावलं की आत सुटलेले त्याचे तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसले. पट्टा चुकीच्या वाटेनं घातला आणि पंप उलटा फिरला. टायमिंग बेल्ट एक दात चुकला. त्यानं इंजिनाची ताकद गेली आणि त्याच चढाला जास्त पेट्रोल जळून जास्त उष्णता तयार झाली. पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या आणि पंखा हवा आत ओढण्याऐवजी पुढं फेकू लागला. उभ्या गाडीत तो फिरतो, आवाज करतो, सगळे म्हणतात पंखा तर चालू आहे. यासाठी मिस्त्री रद्दी वर्तमानपत्राचा तुकडा जाळीपुढं धरतात. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर वायरी बघायच्या. सरांच्या गाडीत तो चिकटला.

पाण्याबद्दल थोडं. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची, हा आपल्या ट्रक ड्रायव्हरांचा जुना उपाय. मध्यरात्री सुनसान घाटात त्यानं गाडी घरी पोचते हे खरं आहे. पण ती हळद पुढे काढून टाकावी लागते, नाहीतर भेगेबरोबर बारीक नळ्याही बुजतात. बोअरच्या पाण्याचा क्षार आणखी वाईट. भांड्याच्या तळाला जमतो तोच पांढरा थर हेडच्या पाण्याच्या वाटांत जमतो, आणि तो उष्णता ॲल्युमिनियमच्या जवळपास शंभराव्या हिश्शानं पुढं जाऊ देतो. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावं. हिरव्यात गुलाबी ओतू नये. रंग बघून जात ओळखता येत नाही, आणि दोन जातींचं जमलं नाही तर आत जेलीसारखा गाळ धरतो. आणि गॅरेजात जे उघड्या घमेल्यात ठेवलेलं दिसतं ते काढलेलं कूलंट झाकून ठेवायला हवं. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री ते पितात, आणि गॅरेजात लहान मुलंही असतात.

सरांच्या गाडीचं उत्तर दुपारी मिळालं. २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट मिळतं. त्यात स्कॅनर जोडला की कॉम्प्युटरला दिसणारं तापमान आकड्यांत वाचता येतं. थोपवलेल्या काट्यावर विसंबावं लागत नाही. मिस्त्रींचा नेम असा की तापणारी प्रत्येक गाडी जोतिबाच्या डोंगरावर न्यायची. कोल्हापूरपासून जवळ, रस्ता बरा, आणि चढ असा की गाडीला लपवाछपवी करता येत नाही. सपाटीला स्कॅनरवर बहात्तर अंश होते. एवढा वेळ चाललेल्या इंजिनाला ते फार कमी. चढ लागला तसा आकडा पळायला लागला, आणि अर्ध्या वाटेवर एकशेआठला मिस्त्रींनी एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला, गाडी सावलीत घेतली आणि बोनेट उघडून थांबले. झाकणाला कुणी हात लावला नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. हात-तोंड भाजलेली माणसं प्रत्येक मिस्त्रीनं पाहिलेली असतात.

“सपाटीला लईच गार, चढाला लईच गरम,” मिस्त्री म्हणाले. “थर्मोस्टॅट काढून टाकलाय हिचा.”

गॅरेजात परतल्यावर, इंजिन निवल्यानंतर, वरच्या पाइपाचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हता. सरांना याची कल्पनाच नव्हती. बिलावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, तो थंड देशातला’ असं आपल्याकडे कुणीही सांगेल. जुन्या गाड्यांत ते खपून गेलं. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेल्या पितळी कुपीवर चालणारी झडप. सर्जियस व्हर्नेट यांनी ती १९३०च्या दशकात काढली. मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. इंजिन गार असताना पाण्यानं रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरावं, म्हणून एक आडवाट ठेवलेली असते. अनेक नव्या इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक छोटी तबकडी असते. वरची झडप उघडली की ही खालची ती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढून टाकला तर आडवाट कायमची उघडी राहते. पाणी सोप्या वाटेनं जातं, आणि मोठा भाग रेडिएटरला न शिवता पंपाकडे परत फिरतो. सपाटीला उष्णता कमी, म्हणून जे थोडं पाणी रेडिएटरमधून जातं त्यानंही इंजिन हवं त्यापेक्षा गार पडतं. चढाला तेवढं पाणी पुरत नाही. गाडी गार ठेवायला म्हणून जे काढलं, त्यानंच ती तापत होती. पंखा डायरेक्ट केल्यानं फक्त रोग झाकला गेला, आणि सपाटीला इंजिन थंडच राहिल्यानं कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत होता. सरांची सरासरी लिटरमागे बरीच घसरली होती; त्यांनी ते पेट्रोल पंपाच्या माथी मारलं होतं.

नवा थर्मोस्टॅट आणल्यावर मिस्त्रींनी तो तसाच बसवला नाही. त्याच्या झाकणात दोरा पकडवला, चहाच्या टोपात पाणी घेऊन तो त्यात दोऱ्यानं टांगला, शेजारी तापमापी सोडली आणि टोप स्टोव्हवर चढवला. कडेवर ८२ छापलेलं होतं. पाणी तापत गेलं. ऐंशीला काही नाही. त्र्याऐंशीला झाकण दोऱ्यावरून किंचित सैल झालं आणि थर्मोस्टॅट टुपकन तळाला पडला. कामाला असलेला मुलगा हसला. मिस्त्रींनी त्याला तो पुन्हा गार करून पुन्हा टांगायला लावलं, कारण बंद होणंही तितकंच महत्त्वाचं. नवा सुटा भाग नवा आहे म्हणून बरोबर असेल, हे त्यांना मान्य नव्हतं. बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला, आणि हवा सुटायचं बारीक छिद्र वरच्या अंगाला. उलटा बसला तर तो रेडिएटरकडच्या गार पाण्यात राहतो आणि वेळेवर उघडत नाही.

आणि मग या सगळ्याची सुरुवात सापडली. थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा छोटा स्क्रू होता. त्याच्या खाचेत माती घट्ट बसलेली. रेडिएटर बदलताना त्याला कुणी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी गाडी तापली ती नुसत्या हवेमुळे. पुढचं सगळं, थर्मोस्टॅट काढणं, पंखा डायरेक्ट करणं, हेडचा आकडा देणं, त्या एका न उघडलेल्या स्क्रूवर उभं होतं.

हवा काढताना मिस्त्री फारसं बोलले नाहीत. गाडीचं तोंड वर राहावं म्हणून पुढची चाकं उंचवट्यावर चढवली. आत हीटर पूर्ण गरमवर. तोंडाला उंच नरसाळं घट्ट बसवून कूलंट सावकाश ओतलं. स्क्रू सैल केला. त्यातून आधी फसफस, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, मग अखंड बारीक धार. स्क्रू बंद. इंजिन सुरू, आणि मुलानं वरचा-खालचा पाइप हातानं दाबत राहायचं. नरसाळ्यात बुडबुडे येत राहिले, कधी एकदम मोठा, की पातळी चार बोटं खाली. ब्याऐंशीच्या पुढं गेल्यावर खालचा पाइप एकदम गरम झाला, थर्मोस्टॅट उघडला. डायरेक्ट केलेली वायर आधीच काढून पंखा परत सेन्सरवर घेतला होता. सत्त्याण्णवला पंखा लागला, ब्याण्णवला बंद झाला. मिस्त्री थांबले. पुन्हा लागला, पुन्हा बंद झाला. तिसऱ्यांदा लागल्यावर त्यांनी नरसाळं काढलं. हे सगळं होईपर्यंत बाहेर दोन गिऱ्हाइकं नुसती उभी राहून निघून गेली. अर्ध्या तासाचं काम पाऊण तासावर गेलं होतं, आणि त्या वेळेचं बिलावर काय लिहावं, हे मिस्त्रींनाही सांगता आलं नाही. सरांनी ते मजुरीत धरायला लावलं.

संध्याकाळी पुन्हा जोतिबा. चढाला एसी चालू ठेवून आकडा ९१ ते ९६मध्ये फिरत राहिला. सरांना गाडी लगेच हवी होती, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मिस्त्रींनी किल्ली दिली नाही. गरम पाणी फुगलेलं असतं. कुठं हवा उरली असेल तर ती इंजिन रात्रभर निवल्यावरच कळते. सकाळी कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर उतरलेली होती. तेवढं भरलं, जुनं झाकण बदललं, काढलेले भाग पिशवीत घालून सरांच्या हातात दिले आणि सांगितलं की आठ दिवस रोज सकाळी, गार गाडीवर, बाटली बघायची. पातळी परत उतरली तर फोन करायचा, पाणी भरत बसायचं नाही. सर राधानगरीच्या रस्त्याला लागले, तोवर मिस्त्री पुढच्या गाडीच्या मालकाला विचारत होते की ती उभी असताना तापते की पळताना.